दगड लावलेली ट्रॉली

१

ट्रॉली आमच्या गल्लीतल्या भिंतीपासून चार बोटं अंतरावर, भिंतीला समांतर उभी होती. पुढच्या डाव्या चाकाला, उताराच्या बाजूने, मुठीएवढा चपटा दगड लावलेला होता.

सुपरमार्केटच्या ट्रॉल्या आमच्या भागात कुठेही सापडतात. बसथांब्यावर, जिन्याखाली, एकदा तर नाल्यात, चारी चाकं वर करून. पण त्या सगळ्या टाकलेल्या असतात. ही ठेवलेली होती. मी दगडाकडे बघायला वाकले.

"ताई, हात लावू नका. आधी लिहून घेतो."

मागून ट्रॉलीवाले भाऊ आले. सकाळी सात ते दुपारी चार, गावभर सोडलेल्या ट्रॉल्या शोधून दुकानात परत न्यायच्या, हे त्यांचं काम. त्यांनी खिशातून वही काढली. तारीख, ट्रॉलीचा नंबर, जागा, अवस्था. मग पेन्सिल कानावर ठेवली. मी वेधशाळेत हवामानाच्या नोंदी करते, त्यामुळे लिहिल्याशिवाय वस्तू न हलवणारा माणूस मला आवडतो. रोज सकाळी सातला आमची गाठ पडली की दोन शब्द बोलणं होतं ते यामुळेच.

"आता शेवटचे दोनच दिवस लिहायचं," ते म्हणाले.

"का?"

"सोमवारची गोष्ट ऐकली नाहीत? इथूनच एक ट्रॉली उतारावरून सुटली आणि थेट दातांच्या दवाखान्याच्या काचेत. आत चार माणसं बसली होती. कुणाला लागलं नाही, पण काच गेली. डॉक्टरबाईंनी दुकानाला पत्र लिहिलं. आता साहेब म्हणतात, ट्रॉली तूच नेतोस."

"तुम्ही कशाला न्याल?"

"मी पलीकडच्याच गल्लीत राहतो ना. चारनंतर लोकांचं सामान वाहतो म्हणे मी." ते हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "माझा गुन्हा एकच, ताई. ट्रॉल्या कुठे सापडतात ते मला कळतं. कळतं म्हणून आणतो, आणि आणतो म्हणून साहेब म्हणतात तूच ठेवलीस. शनिवारी सकाळपर्यंत ट्रॉली नेणारा माणूस समोर उभा करायचा. नाहीतर एप्रन जमा. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कोण ठेवून घेणार? ट्रॉल्या ढकलायचा दांडगा अनुभव आहे, असं सांगू?"

मी पुन्हा दगडाकडे पाहिलं. "हा दगड सोमवारच्या आधी असायचा?"

त्यांनी वही उघडून मागची पानं चाळली. "नाही. बुधवारपासून आहे."

म्हणजे ट्रॉली नेणाऱ्याला काच फुटल्याचं माहीत होतं. त्याला त्याचं वाईटही वाटलं होतं. तरीही त्याने ट्रॉली नेणं थांबवलं नव्हतं.

"वही मला द्याल दोन दिवस?"

भाऊंनी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जपून, ताई. माझ्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी नाही."

२

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. तरुण होता आणि घाबरलेला होता.

"मॅडम, मला तरी कुठे हौस आहे? पण वरून विचारतात. संध्याकाळी साडेसहापर्यंत ट्रॉल्या पूर्ण असतात. सातला मोजतो तेव्हा एक कमी. रोज. सकाळी ती नेमकी याच माणसाला सापडते. मी काय समजायचं?"

"नेताना कुणी पाहिलं?"

"रांग बाहेर, दारापासून लांब. त्या वेळी गिऱ्हाइकांची झुंबड असते. ट्रॉली घेऊन निघालेल्या माणसाकडे सुपरमार्केटबाहेर कोण बघतं?"

ते खरं होतं. त्याच्या खिडकीतून ट्रॉल्यांची रांग, पलीकडे टपाल कार्यालय, शिकवणीचे वर्ग आणि कोपऱ्यावरचं वाचनालय दिसत होतं. माझा नवरा तिथे ग्रंथपाल आहे. समोरच्या फुटपाथवरून रोज दोनशे माणसं घरी जातात. त्यांतला एक.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्या मावशींचं दुकान आहे. कपड्यांची गाठोडी वाहायला ट्रॉली सोयीची, म्हणून भाऊंचा पहिला संशय त्यांच्यावर होता.

"माझ्यावर?" मावशींनी इस्त्री उभी केली. "माझा स्वतःचा हातगाडा आहे. आणि त्या जाळीतून लोकांच्या चादरी लोंबायला लागल्या तर गिऱ्हाईक मला जिवंत ठेवेल का?"

"तुम्ही ट्रॉली नेताना कुणाला पाहिलंत?"

"पाहिलं नाही. मी कपड्यांकडे बघते, रस्त्याकडे नाही. पण ऐकते रोज. रिकामी असते."

"रिकामी, हे कसं कळतं?"

"अगं बाई, भरलेली ट्रॉली गुरगुरते आणि रिकामी खडखडते. ही खडखडत येते. मग ठक. मग गप्प. मग पुन्हा खडखड. प्रत्येक वळणावर तेच. मला वाटतं कुणीतरी पिऊन चालतोय. पण रोज त्याच वेळी आणि त्याच चालीने पिऊन येणारा माणूस मी तरी बघितला नाही. आमचे हे प्यायचे, त्यांचा एक दिवस दुसऱ्यासारखा नसायचा."

मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: रिकामी. ठक. थांबते.

भंगारवाल्यावर मॅनेजरचा संशय होता. तो मात्र खूश झाला. "या, या. चोरीचं नाव निघालं की माझी आठवण येतेच."

"ट्रॉली कुणी विकायला आणली होती?"

"आणली असती तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला गल्लीत सापडली असती का? चोर वस्तू परत ठेवत नाहीत, ताई. तेवढी शिस्त असती तर चोर कशाला झाले असते?" तो माझ्याबरोबर चालत दुकानाच्या रांगेपर्यंत आला आणि तीन-चार ट्रॉल्यांच्या पुढच्या दांड्यांवरून त्याने अंगठा फिरवला. "हे बघा. पोचे. सगळे एकाच उंचीवर, फुटपाथच्या कडेएवढ्या. आणि सगळे समोरून."

"मग?"

"सामान वाहणारा माणूस पायरी आली की ट्रॉली उलटी फिरवतो आणि मागे चालत ओढून वर घेतो. हमालाच्या हाताला ते आपोआप येतं. हा तसं करत नाही. हा पायरीवर ट्रॉली मुद्दाम आपटतो. हलकेच." त्याने बोटाच्या पेराने दांडीवर एकदा वाजवलं. "दार ठोठावल्यासारखी."

३

रात्रीच्या जेवणाला मी हे सगळं घरी नवऱ्याला सांगितलं. आम्ही दोघं कॉलेजात एकाच बाकावर बसलेलो, त्यामुळे अजून अरे-तुरेच आहे. मी बोलते, तो ऐकतो. पुस्तकवाल्यांची ती सवयच.

"सामान नाही, चोरी नाही," मी म्हटलं. "मग रिकामी ट्रॉली पाऊण किलोमीटर ढकलत नेऊन माणसाला मिळतं काय?"

"असेल काही कारण," तो म्हणाला.

"कारण सापडलं नाही तर शनिवारी भाऊंना काढतील."

त्याचा घास हातातच राहिला. "शनिवारी? या शनिवारी?"

"हो. मॅनेजरने मुदत दिलीय."

भाजी वाढू लागले तर त्याने ताटावर हात आडवा धरला. मग उठून नळ चालू केला. वॉशर गेल्यामुळे तो सहा महिने ठिबकतोय. नळाचा वॉशर, चष्म्याचा नंबर, मुलीकडे जायचं तिकीट, या तिन्हींवर आमच्या घरात एकच उत्तर मिळतं: "बघू." गेल्या वर्षभरात सिनेमाही सुटला, जेवणानंतरचं फिरणंही. मी कधी विचारलं नाही. तीस वर्षांनी माणूस आपल्याला कंटाळला असेल, तर ते त्याच्या तोंडून ऐकायची घाई कशाला करायची?

शुक्रवारी दुपारी मी वेधशाळेत भाऊंची वही उघडली. शेजारी आमचं नोंदीचं मोठं रजिस्टर ठेवलं.

आमची वेधशाळा लहान. सकाळी तीन तास आणि संध्याकाळी पाच ते आठ नोंदी, दुपारी कागदपत्रं, एवढंच काम. मी आणि एक सहकारी पाळ्या वाटून घेतो. संध्याकाळी इतर आकड्यांबरोबर आकाशही लिहावं लागतं. मनात आकाशाचे आठ भाग करायचे आणि त्यांतले किती ढगांनी झाकलेत तो आकडा मांडायचा. शून्य म्हणजे निरभ्र. आठ म्हणजे निळा ठिपकासुद्धा नाही.

भाऊंच्या वहीत आठ महिन्यांच्या नोंदी होत्या. मी त्यांतल्या फक्त त्या भिंतीपाशी सापडलेल्या ट्रॉल्या वेगळ्या काढल्या. दिवस मोठे होते त्या महिन्यांत अशा फक्त दोन होत्या. ट्रॉली सकाळी सापडते, म्हणून त्या दोन तारखांच्या आदल्या संध्याकाळी मी रजिस्टरमध्ये शोधल्या.

आठ. आणि आठ.

पुढे दिवस लहान व्हायला लागले. सुरुवातीच्या आठवड्यांत ट्रॉली सापडली ती फक्त सात-आठ ढगांच्या संध्याकाळी. मग पाच ढगांच्या संध्याकाळीही. मग सूर्य साडेसहाच्या आधी मावळू लागला, आणि ट्रॉली रोज सापडू लागली. आकाश कसंही असो.

मी पेन खाली ठेवलं. साडेसहाला कामावरून सुटणारा माणूस. उजेड असेल तर त्याला ट्रॉली लागत नाही, अंधारलं की लागते. फुटपाथची कड तो समोरून ठोठावून बघतो, प्रत्येक वळणावर थांबतो.

हा माणूस ट्रॉलीतून काहीच नेत नव्हता. ट्रॉली त्याला नेत होती. त्याला अंधारात दिसत नव्हतं.

४

कोडं इतकं सुटल्यावर बरं वाटायला हवं होतं. पण वहीत काही दिवस रिकामे होते.

अंधाराच्या महिन्यांत ट्रॉली रोज लागायला हवी. सगळ्या रविवारच्या संध्याकाळी कोऱ्या होत्या. ठीक, रविवारी त्याचं काम बंद असणार. ते वजा केले, तरी नऊ दिवस उरले. कामाचे दिवस, अंधाऱ्या संध्याकाळी आणि ट्रॉली नाही. त्यांच्यात अंतर कधी पाच दिवसांचं, कधी आठ, एकदा अकरा. पावसाशी संबंध नाही, चंद्राशी नाही.

मी रजिस्टरमध्ये नऊ तारखांवर एकेक करून पट्टी ठेवली. तापमान वेगळं, वारा वेगळा, ढग वेगळे. ओळ वाचत मी शेवटच्या रकान्यापर्यंत गेले. तिथे नोंद करणाऱ्याची सही असते.

नऊही ओळींत सही माझी नव्हती. सहकाऱ्याची होती.

मी पट्टी उचलून पुन्हा पहिल्या तारखेपासून तपासलं. नऊपैकी नऊ.

माझी संध्याकाळची सुट्टी ठरलेल्या वारी येत नाही, पाळी बदलेल तशी येते. तो तक्ता जगात दोनच ठिकाणी लावलेला आहे. एक वेधशाळेत आणि दुसरा आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर. सुट्टीच्या संध्याकाळी मी साडेसहाला वाचनालयापाशी जाऊन उभी राहते. आम्ही दोघं बरोबर घरी येतो. आणि या वर्षी, लग्नाला तीस वर्षं झाल्यावर, रस्त्याने चालताना तो माझा हात धरू लागला होता.

मी बहिणीला फोन करून सांगितलंही होतं. ती म्हणाली होती, "उशिरा का होईना, सुचलं म्हणायचं."

मी सहकाऱ्याच्या टेबलापाशी गेले. "आज संध्याकाळची नोंद तुम्ही घ्याल का?"

"बरं नाही का, मॅडम?"

"एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे."

५

संध्याकाळी सहा पन्नासला मी त्या भिंतीपाशी उभी होते. आकाशात ढग तीन भाग होते. दवाखान्याच्या खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा लावला होता.

आधी आवाज आला. खडखड. ठक. शांतता. मग पुन्हा खडखड. मग गल्लीच्या तोंडाशी ट्रॉली दिसली आणि तिच्यामागे माझा नवरा. मान ताठ, नजर समोर, जणू काही विचारात चालला आहे. समोरून आलेल्या दोन मुली ट्रॉली बघून आपोआप बाजूला झाल्या. आंधळ्याची काठी लोकांना लगेच ओळखू येते. ट्रॉली नाही.

भिंतीपाशी आल्यावर त्याने हाताने वीट चाचपली, ट्रॉली तिच्या कडेने सरळ केली. खाली बसून दगड शोधला. एकदा चुकला, दुसऱ्यांदा सापडला. चाकाला लावून ट्रॉली हलवून पाहिली. मग उठला आणि माझ्या दिशेने वळला. आमच्यात दोन पावलांचं अंतर होतं.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

"मी."

"आज ड्यूटी नाही तुझी?"

"बदलून घेतली."

"मग वाचनालयापाशी यायचंस ना."

"आले असते तर तू हात धरला असतास, आणि मी पुन्हा खूश झाले असते."

त्याने ट्रॉलीच्या दांडीला टेकून श्वास सोडला. "सोमवारी मी इथेच होतो," तो म्हणाला. "ट्रॉली सुटली ते ऐकू आलं, कुठे गेली ते दिसलं नाही. मग काच. आत कुणी रडतंय का ते ऐकत उभा राहिलो. कुणीतरी हसलं, डॉक्टरबाई काहीतरी बोलल्या, तेव्हा घरी आलो."

"आणि भाऊंना काढतायत हे?"

"ते काल तुझ्याकडूनच कळलं. रात्रभर झोपलो नाही. सांगणार होतो."

"कधी?"

"तेच ठरत नव्हतं."

"अरे, पण मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं की तू लिहून ठेवणार. तारीख, वेळ, किती दिसतं, किती नाही. एकदा लिहिलं की ते खरं होतं, बाई." तो हसला नाही. "बाबांना माझ्याच वयात सुरू झालं होतं. संध्याकाळी दिसेनासं झालं, असंच. मी अकरावीत होतो. मीच हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्यांना एकच वाक्य सांगितलं, यावर उपाय नाही. त्यानंतर बाबा घरात बसले ते बसलेच. मी जोवर दाखवत नाही, तोवर ते वाक्य मला कुणी सांगितलेलं नाही."

"ते वाक्य तेच असेल हे तुला कुणी सांगितलं? बाबांचा आजार तुला आहे हे कशावरून? मोतीबिंदूनेसुद्धा संध्याकाळी दिसत नाही. चष्म्याचा नंबर वाढला तरी दिसत नाही. तपासल्याशिवाय निदान करायला तू कुठला वैद्य लागून गेलास?"

"बघू."

"अजून बघू?"

मला राग यायला हवा होता आणि थोडा आलाही. पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी होतं, कबूल करायला लाज वाटावी असं. सिनेमा किंवा फिरणं, यांतलं काहीही माझ्यामुळे सुटलं नव्हतं. वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणी उचलावं तसं मला हलकं वाटलं.

"भाऊंना उद्या सकाळी नऊची वेळ आहे," मी म्हटलं. "मला सगळं ठाऊक आहे, पण मी तोंड उघडणार नाही. सांगायचं ते तुझं आहे."

त्याने अंधारात हात पुढे केला. मी माझा कोपर त्याच्या हाताशी नेला. आम्ही घराकडे वळलो.

६

शनिवारी सकाळी मी उठले तेव्हा घरात कुणी नव्हतं. चहाचं भांडं धुऊन पालथं घातलेलं होतं. मी पावणेनऊला सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत पोचले.

भाऊ आधीच आले होते. एप्रनची घडी टेबलावर होती, चार कोपरे जुळवून. मॅनेजर तिच्याकडे न बघता कागद चाळत होता. मी भाऊंची वही परत दिली. त्यांनी ती न उघडता खिशात ठेवली.

"काही सापडलं, ताई?"

मी उत्तर द्यायच्या आत बाहेर खडखड झाली. ठक नाही, नुसती खडखड. सकाळचा उजेड लख्ख होता. माझा नवरा रात्रीची ट्रॉली ढकलत दारापर्यंत आला, तिथे उभी केली आणि आत आला.

"ही मी नेली होती," तो मॅनेजरला म्हणाला. "काल नेली, परवा नेली, आणि त्याआधीच्या बहुतेक सगळ्या मीच नेल्या. सोमवारची काच माझ्या हातून फुटली. दवाखान्यात जाऊनच येतोय. डॉक्टरबाईंना सांगितलं, काच मी बसवून देतोय. या भाऊंचा यात काही संबंध नाही."

मॅनेजरने कागद खाली ठेवले. "सर, तुम्ही? पण कशाला?"

"संध्याकाळी मला दिसत नाही. फुटपाथची कड दिसत नाही, खड्डे दिसत नाहीत, माणसं अंगावर आल्यावर कळतात. ट्रॉली पुढे असली की ती आधी आपटते, मी नाही."

भाऊ एकदम खुर्चीवर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला.

"सर," ते म्हणाले, "आठ महिने मी तुमच्या मागे ट्रॉल्या उचलतोय. एक हाक मारली असतीत तर हाताला धरून घरी सोडलं असतं. माझी चाकं तरी झिजली नसती."

"चुकलंच माझं. तुमची नोकरी जायची वेळ आली आणि मी तोंड शिवून बसलो."

"गेली नाही ना अजून?" भाऊंनी मॅनेजरकडे पाहिलं.

मॅनेजरने एप्रन उचलून दोन्ही हातांनी भाऊंच्या पुढ्यात ठेवला. "काका, मला माफ करा. मी तुमची वही एकदा तरी उघडून बघायला हवी होती."

"बघितली असतीत तर तुम्हाला माझं अक्षर लागलं नसतं," भाऊ म्हणाले आणि उभे राहून एप्रन डोक्यातून घालू लागले. पाठीमागची नाडी त्यांच्या हाताला लागेना. मी पुढे होऊन गाठ मारली. ते आता खरंच हसत होते.

मॅनेजरने कागद पुढे ओढला. "मला वर उत्तर लिहावं लागेल, सर. कोणी नेली, का नेली, ते लिहितो. पण ते विचारणार, पुन्हा असं होणार नाही हे कशावरून. ट्रॉली तर मी तुम्हाला आता देऊ शकत नाही. आज संध्याकाळी साडेसहाला तुम्ही काय करणार?"

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मॅनेजर पेन उघडून थांबला होता.

"आज भाऊ सोडतील, किंवा ही येईल," माझा नवरा म्हणाला. "आणि सोमवारी सकाळी मी डोळे दाखवायला जाणार आहे. असं लिहा."